अकरा पोरांची फिल्म

दार उघडलं आणि दिएपच्या तोंडून साधं "या" सुद्धा निघेना. बाहेर तीन जिने चढून आलेला एक म्हातारा कठड्याला धरून दम खात उभा होता. त्याला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तरी तो चेहरा तिला पाठ होता. जड पापण्या, हनुवटीवरचा खळगा, कानांची वरची कड आत दुमडलेली. बावीस वर्षं दर श्राद्धाला ती या चेहऱ्यापुढे हात जोडत आली होती. फक्त तो चेहरा वीस वर्षांच्या पोराचा होता, काचेमागे होता, आणि इथून अडीच तासांवर थाय बिन्हकडच्या एका खेड्यात, मुई आजीच्या देव्हाऱ्यावर होता. त्या पोराचं नाव लुआत, मुई आजीचा मुलगा. तो चव्वेचाळीस वर्षांपूर्वी क्वांग त्रीच्या लढाईत मेला, आणि मेलेलं माणूस असं म्हातारं होऊन भर दुपारी हनोईतल्या चाळीचे जिने चढत नाही. तिनं चौकट घट्ट धरली. म्हातारा दम सावरत हसला आणि म्हणाला, "घाबरलात का ताई? मी थुक. परवा फोन केला होता तो. माझं तोंडच असं आहे, त्याला माझा इलाज नाही."

परवा फोन आलेला तिला आठवला. असे फोन पूर्वी खूप यायचे, आता वर्षाकाठी एखादा. दिएपचे वडील, ख्वात, आघाडीवरचे फोटोग्राफर होते. ते गेले, मागे एक डबा उरला, आणि त्या डब्याच्या मागावर माणसं यायची. आमचा भाऊ त्या तुकडीत होता, आमचे काका होते, त्यांचा एखादा फोटो असेल का हो, देव्हाऱ्यावर लावायला काहीच नाही. थुकनंही तेच विचारलं होतं. त्याच्या भावाचं नाव दिन्ह. तिनं फोन ठेवून वडिलांची वही उघडली, दिन्ह नवव्या क्रमांकावर सापडला आणि तिला हळहळ वाटली, कारण फिल्मवरची नववी चौकट तिला माहीत होती. तिथे शर्ट होता, खांदे होते, आणि डोकं असायला हवं तिथे बुरशीनं खाल्लेला डाग होता. सगळ्या चौकटी सोडून नेमकं एक तोंड खाल्लेलं. नाही कसं म्हणायचं ते तिनं दोन दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. आधी चहा द्यायचा, मग वहीतलं नाव दाखवायचं, नावाला बोट लावू द्यायचं, आणि मग सांगायचं. नावाला बोट लावलं की माणसं थोडी शांत होतात, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. त्यातलं आता तिला काही आठवेना.

थुक बसला. चहा त्यानं दोन्ही हातांत धरला आणि मधूनमधून खोकत स्वतःच बोलत राहिला. दिन्ह आणि तो जुळे. एकाच महिन्यात दोघांना बोलावणं आलं, वेगवेगळ्या तुकड्यांत गेले, एक परत आला. दिन्हचा फोटो घरात नव्हता. आईनं विचार केला, तोंड तर एकच आहे, आणि थुकचाच फोटो भावाच्या नावानं देव्हाऱ्यावर ठेवला. गावात बायका म्हणाल्या, अगं जिवंत पोराचा फोटो वर लावू नये, अवदसा ओढवेल. आई म्हणाली, मग माझ्या मेलेल्यानं बिनतोंडाचं राहायचं का? आई गेली, फोटो राहिला. "चाळीस वर्षं मी माझ्यापुढेच उदबत्ती लावतोय, ताई," थुक म्हणाला. "शेजारी चिडवतात, तुझं श्राद्ध तूच घालतोस, बरं आहे, पोरांना त्रास नको. आम्ही हसतो. आता मात्र छातीचं दुखणं निघालंय, डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मी गेलो की पोरं माझा फोटो लावतील. म्हणजे तोच लावतील, आहेच तो तिथे. मग आमच्या दोघांत तो कोणता आणि मी कोणता? त्याचा एक वेगळा फोटो मिळाला तर माझं तोंड खाली उतरवीन म्हणतो. तेवढंच राहिलंय." मग तो पुन्हा हसला, म्हणाला नसला फोटो तर नसू दे, चहा तरी झाला.

दिएप डबा आणते म्हणून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन नुसती उभी राहिली. काडतुसांचा हिरवा डबा पलंगाखाली होता. घरात सगळ्यांना तो नकोसा होता. लग्न होऊन ती या घरात आली ती डबा मांडीवर घेऊन, आणि नवरा पहिल्या आठवड्यात म्हणाला होता, सासऱ्यांनी काय दिलं विचारलं तर काय सांगू, मेलेल्यांची तोंडं? तो वाईट माणूस नव्हता. त्याचं बोलणं खरंच होतं. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची. तिच्याजवळ त्यांची एकच आठवण होती, तीही पाठमोरी. सुट्टीवर आलेले वडील न्हाणीच्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी काळ्या पट्ट्या वाळत घालताहेत, आणि ती हात लावायला गेली तसे न वळता म्हणताहेत, ओल्या आहेत, दुखतं त्यांना. पट्ट्यांना दुखतं! ती किती दिवस तेच खरं धरून होती. पुढे एक लंगडा सैनिक डबा घेऊन आला. डब्याच्या तळाशी भाजलेले तांदूळ, दमट हवा शोषून घ्यायला, त्यावर कागदात गुंडाळलेल्या फिल्मच्या पट्ट्या, वर वही. आईनं ते तांदूळ दर पावसाळ्यानंतर काढून पुन्हा भाजले. दुष्काळाच्या वर्षीही भाजले. दिएपला त्या वासानं भूक लागायची आणि आई हातावर चापट मारायची, ते खायचे नाहीत, बापाचे आहेत.

लंगडा सैनिक जे बोलला होता ते आईनं पुढे आयुष्यभर सांगितलं. वरचे साहेब तोफा मागायचे, धूर मागायचे, आणि ख्वात पोरं काढत बसायचे. फिल्म मोजून मिळायची, तीही सिनेमाच्या रिळाचे कापलेले तुकडे, ज्यांच्यावर आकडे नाहीत की खुणा नाहीत. लढाईच्या आदल्या दिवशी पोरं येऊन म्हणायची, दादा, आमचा एक काढा, घरी लावायला. घरी लावायला म्हणजे कुठे, ते काढणाऱ्यालाही कळायचं आणि काढून घेणाऱ्यालाही. मग ती गळ्यापर्यंत बटणं लावून, केस ओले करून, एकामागून एक ताठ उभी राहायची, समोर बघायची, हसायची नाहीत. वडील वहीत ओळीनं नावं लिहायचे. क्वांग त्रीच्या आदल्या दिवशी अकरा पोरं होती. तिसरा लुआत, नववा दिन्ह. दुसऱ्या दिवशी त्या अकरांतलं कोणी राहिलं नाही, आणि पुढच्या महिन्यात वडीलही राहिले नाहीत. फोटो घरोघरी पोचवायचे राहून गेले, त्या अकरांतलं पुढे एकच घर सापडलं, मुई आजीचं. ते काम कोणी दिएपला दिलं नव्हतं. दिलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

तिनं पट्टी काढून खिडकीशी धरली. कशी धरली? नेहमी धरते तशी. फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे ठेवून बघायची, हे तिला पुढे, बरंच पुढे, एका स्टुडिओवाल्यानं सांगितलं होतं. पण या पट्टीवरचे फोटो तिनं त्याच्याही आधी कागदावर उतरवले होते. बावीस वर्षांपूर्वी, जिन्याखाली, लाल बल्ब लावून, कोणी शिकवणारं नसताना, मंद बाजू वर करून. तेव्हाच पट्टी कागदात गुंडाळून वर आपल्या हातानं एकपासून अकरापर्यंत आकडे घातले आणि पुन्हा कधी शंका घेतली नाही. तिनं पट्टी उलटी केली. सगळी पोरं एकदम तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला गेली. पहिला होता तो अकरावा झाला. तिसरा होता तो नववा झाला, आणि नववा, तो बुरशीनं खाल्लेला, तिसऱ्या जागी येऊन उभा राहिला.

पुरावा हवा तर तोही तिथेच होता, आणि तो बघून तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. शर्ट. पुरुषाच्या शर्टाला काजं डाव्या पट्टीवर असतात. तिनं मुई आजीला दिलेल्या फोटोत ती उजव्या पट्टीवर होती, बायकांच्या शर्टासारखी. शर्टाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पुरुषांची काजं करून जिचे डोळे अधू झाले त्या दिएपला, समोर टांगलेल्या एकुलत्या एका शर्टाची काजं बावीस वर्षं दिसली नाहीत! दर वर्षी ती फोटोपुढे वाकत होती. चेहऱ्याकडे बघत होती, ते खरं. पण चेहऱ्याकडे बघून तिला काय कळणार होतं? चेहरा तिनं आधी पाहिलाच कुठे होता?

म्हणजे मुई आजीच्या घरी जो आहे तो दिन्ह. आणि लुआत, मुई आजीचा लुआत, त्याला तोंडच नाही.

फोटो दिला तो दिवस तिला आठवू लागला आणि थांबेना. मातीचं अंगण, कोंबड्या, मुई आजी तेव्हा सडसडीत, पान चघळत आलेली. लुआत सतराव्या वर्षी घर सोडून गेला होता, त्याला पाहून पंचवीस वर्षं होत आली होती. आजीनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "किती वाळला ग." बस. धाकटा मुलगा, आता तोही नाही, मागून वाकून बघत म्हणाला होता, आई, आपल्याकडे असे कान कोणाचे आहेत? आजी त्याच्यावर अशी खेकसली की अंगणातली कोंबडी उडाली. रानात राहून, तापानं फणफणून, पाला खाऊन माणसाचे कान बदलणार नाहीत तर काय होणार, तुला काय माहीत, तू तेव्हा लंगोटीत होतास. सगळे हसले. दिएपही हसली. त्या कानांवर तिनं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण आजी तिचे हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली होती, तुझ्या बापानं माझं पोर घरी आणलं, आणि दिएपच्या आयुष्यात बापाबद्दल कोणी पहिल्यांदा काही चांगलं, पोटातून बोललं होतं. ते सोडून कानांकडे कोण बघणार? त्या एका वाक्यासाठी ती बावीस वर्षं त्या घरी जात होती, हे तिनं आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

बाहेर थुक खोकत होता. खोटं बोलायचं तर आत्ताच, असं तिला वाटलं. बुरशीची चौकट दाखवायची आणि सांगायचं, हा तुमचा भाऊ, माफ करा. तो जाईल. स्वतःच्या तोंडापुढे उदबत्ती लावत मरेल. मुई आजी नव्वदीला टेकली आहे, ती तिच्या पोरासमोर मरेल. कोणाचं काही बिघडणार नाही. ती बाहेर आली, समोर बसली, आणि त्या चेहऱ्याकडे बघून खोटं बोलणं तिला जमलं नाही. तिनं सगळं सांगितलं, पट्टी उलटसुलट धरून दाखवलं, काजंसुद्धा दाखवली. थुकनं पट्टी हातात घेतली नाही. खिडकीशी तिनं धरलेल्या चौकटीकडे, त्या एवढ्याशा काळ्यापांढऱ्या भावाकडे तो वाकून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "ती म्हातारी नीट करते का त्याचं?" करते, दिएप म्हणाली, खूप नीट करते, त्याला आवडतो म्हणून दर वेळी चिकट भाताचा मुटका ठेवते. थुक म्हणाला, दिन्हला चिकट भात बघवत नसे. आणि तो हसता हसता रडायला लागला.

ती म्हणाली, मी आठ दिवसांत मोठा फोटो करून देते, सरळ बाजूनं, घेऊन जा. त्यानं मान हलवली. फोटो घेऊन काय करू, म्हणाला. बावीस वर्षं पान तिथे वाढलं जातंय, तो तिथे जेवतोय, त्याला ते दार माहीत झालंय. नुसता फोटो लावून तो येणार आहे का? तिथून त्याला हाक मारून आणायला हवं, त्या घरच्या उदबत्तीच्या भांड्यातली चिमूटभर राख आणून आमच्या भांड्यात घालायला हवी. तसंच करतात, आणि तुम्हालाही ते ठाऊक आहे. दिएपला ठाऊक होतं. दोघा पोरांचं मरण एका दिवसाचं, म्हणजे तिथीही एक. पुढच्या रविवारी मुई आजीकडे श्राद्ध होतं आणि तिला बोलावणं आलेलंच होतं. थुक म्हणाला, मी तुमच्या वडिलांच्या ओळखीचा म्हणून येतो, एक उदबत्ती लावतो, चिमूट उचलतो, एक शब्द बोलत नाही. म्हातारीचा फोटो तिला राहू दे. "पण तिला माझं तोंड दिसलं तर?" हे त्यानंच विचारलं. दिएप म्हणाली, त्याची काळजी नको दादा, आजीला चार वर्षांपासून दिसत नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बाकी लोकांचं काय, तर नातू आणि नातसून, त्यांना फोटोकडे बघायला वेळ कुठे असतो.

त्या आठ दिवसांत तिनं फोटो करून घेतला, पण मन दिन्हकडे जाईचना. ते लुआतपाशी अडून बसलं. दिन्हला आता भाऊ होता, फोटो होता, राख मिळणार होती. लुआतला कोण होतं? चव्वेचाळीस वर्षं त्याच्या नावानं हाका मारल्या गेल्या आणि त्यातली बावीस वर्षं समोर तोंड दुसऱ्याचं. तो येत असेल का? येऊन दारात उभा राहून बघत असेल का, की आपल्या जागी कोणी बसलंय, आपला मुटका खातंय, आणि लाजून परत जात असेल? पोरगं मुळात लाजाळू होतं, आजीच सांगायची. दिएपचा या गोष्टींवर पूर्ण विश्वास होता असंही नाही. कारखान्यात असताना तर नव्हताच. पण दर वर्षी ते तांदूळ भाजणाऱ्या आईच्या पोटी जन्मून अविश्वास तरी किती टिकणार? तिनं बुरशीची चौकट मोठ्या काचेखाली धरून पुन्हा पुन्हा पाहिली. एक कान तरी, हनुवटीची एक रेघ तरी. काही नव्हतं. नीट लावलेली बटणं तेवढी होती, गळ्यापर्यंत. त्यानं आपल्याकडून सगळं व्यवस्थित केलं होतं.

रविवारी बसमध्ये थुक खिडकीशी बसला आणि झोपला. झोपेत त्याचं तोंड अगदीच फोटोसारखं दिसत होतं, म्हणून दिएप दुसरीकडे बघत राहिली. सोबत त्यानं केळीच्या पानातला फराळ आणि संत्री आणली होती, आणि खिशात औषधाची रिकामी डबी, राखेसाठी, धुऊन पुसून. उतरल्यावर तळ्याकाठच्या वाटेनं चालताना तो दोनदा थांबला. दम लागलाय म्हणाला. मग म्हणाला, दम नाही लागला ताई, भीती वाटते, मी सैन्यात होतो कोणाला खरं वाटेल?

अंगणात नातसून न्हाय चटया घालत होती. तिनं दिएपला पाहून लांबूनच हसून सांगितलं, ताई, आजीचं ऐकलंत का, आजी आता आम्हाला जगू देत नाही. गेल्या महिन्यात तालुक्याला शिबिर झालं, डॉक्टर आले होते, आजीचा एक डोळा केला. आता भांड्यावरची राख दिसते, माझ्या डोक्यातला कोंडा दिसतो, सगळं दिसतं. दिएपचे पाय जागच्या जागी थांबले. तिनं मागे वळून थुकला काही सांगायचं म्हटलं, पण तो तोवर पायरीशी जाऊन वाकून वहाणा काढत होता. मुई आजी आत बाजेवर बसली होती, देव्हाऱ्याखाली, तिथी म्हणून तपकिरी सदरा घालून. तिनं मान वर केली.

देव्हाऱ्यावर फोटो होता. फोटोच्या खाली, दोन हातांवर, तेच तोंड पांढऱ्या केसांचं होऊन उभं होतं. थुकनं फोटो पाहिला होता आणि तो हलू शकत नव्हता. आजी उठली नाही. ती बाजेवरून पुढे सरकली, हात लांब केला, त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं आणि एक डोळा बारीक करून, खूप वेळ, बाजारात मासा बघावा तशी न लाजता त्याचं तोंड न्याहाळत राहिली. बावीस वर्षांतली अठरा तिनं त्याच तोंडाकडे रोज बघून काढले होते, आणि चार न बघता. कानाच्या दुमडलेल्या कडेवरून तिनं अंगठा फिरवला. मग ती अगदी साध्या, घरातल्या आवाजात म्हणाली, "एवढा वेळ लावलास होय रे?"

नातू दारात भाताचं पातेलं धरून उभा होता. दिएप म्हणाली, आजी, हे लुआत नव्हेत, हे माझ्या वडिलांच्या ओळखीचे. तिला वाटलं ती मोठ्यानं म्हणाली, पण बहुधा नुसते ओठ हलले, कारण आजीनं लक्ष दिलं नाही. थुकनं दिएपकडे पाहिलं. विचारत होता, हे नक्की. हो म्हणू की नाही म्हणू? आजीनं पुन्हा विचारलं, बोलत का नाहीस, आईशी बोलायची बंदी आहे का? तेव्हा तो म्हणाला, "लांब होतो, आई." एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं म्हटलं तर, आणि म्हटलं तर सगळंच होतं.

पुढचं जे झालं ते कोणाला थांबवता आलं नाही, कारण आजी बरोबर वागत होती. तिच्या जागी कोणतीही शहाणी बाई तेच करती. तिनं नातवाला हाक मारली आणि म्हणाली, तो फोटो आधी खाली काढ, जिवंत माणसाचा फोटो वर ठेवून मी काय पाप केलं, चाळीस वर्षं पोराच्या नावानं श्राद्ध घातलं, तरीच ह्याचा असा पापड झाला. आणि ते भांडंही काढा. राख तळ्यात सोडून या. नातवानं दिएपकडे पाहिलं, मग बायकोकडे. न्हाय त्याच्या कानात म्हणाली, करा हो, म्हातारं माणूस आहे, घटकाभराचा आनंद, मागाहून पुन्हा लावू. त्यानं फोटो काढला, पदरानं पुसावा तसा सदऱ्याला पुसला, आणि आजीनं तो थुकच्या मांडीवर ठेवला. घे, तुझा तुला, म्हणाली. न्हायनं भांडं उचललं. उदबत्त्यांच्या लाल काड्या, त्याखाली बावीस वर्षांची बारीक करडी राख, काठोकाठ. थुकचं सगळं अंग त्या भांड्याकडे वळलं. डबी त्याच्या खिशात होती. पण उजवं मनगट आजीच्या मुठीत होतं, आणि नव्वद वर्षांच्या बाईच्या मुठीतून हात ओढून घेता येत नाही. न्हाय त्याच्या गुडघ्याला घासून भांडं घेऊन गेली.

दिएप मागोमाग धावली. म्हणजे चालली, कारण श्राद्धाच्या घरात धावत नाहीत. तळ्याशी पोचली तेव्हा न्हाय वाकून भांडं खंगाळत होती. काड्या पाण्यावर पसरल्या होत्या, राख आधीच खाली गेली होती, आणि दोन बदकं बघायला आली होती. एवढीशीही नाही राहिली का, दिएपनं विचारलं. न्हाय म्हणाली, आजी आत्ता सगळं बघते ताई, ठेवली असती तर माझी धडगत नव्हती. मग तिनं दिएपकडे नीट पाहिलं आणि घाबरून विचारलं की तुम्हाला काय झालं. काही नाही, दिएप म्हणाली. काय सांगणार होती? त्या राखेत एक थुकचा भाऊ होता. आणि दुसरा, ज्याला कोणी पाहिलंच नाही, तो नावापुरता होता, आणि ते नाव आता आत बाजेवर बसलेल्या एका माणसाला मिळालं होतं. आजपासून लुआतची तिथी कोणी पाळणार नव्हतं. त्याला आईनंच जिवंत करून टाकलं होतं.

परत आली तो पानं मांडली होती. देव्हाऱ्यावर नुसतं लाकूड. श्राद्धाचं जेवण होतं ते आता मुलगा आल्याचं जेवण झालं होतं, पदार्थ तेच, फक्त वर ठेवले नाहीत, सरळ वाढले. आजी आपल्या जेवायच्या काड्यांनी थुकच्या वाडग्यात चिकट भाताचा मुटका ठेवत होती आणि थुक खात होता. एकेक घास घेत, पाणी पीत, डोळ्यांत पाणी आणून तो पूर्ण मुटका खाऊन संपवत होता. फोटो त्याच्या मांडीवर पालथा होता. आजीची नजर दिएपवर गेली आणि तिनं बस म्हणून शेजारची चटई थोपटली, मग मध्येच थांबली. तिला काही सुचलं होतं.

"तू फोटोवाल्याची पोर ना ग? बापानं एकट्याचा काढला. तू आमचा दोघांचा काढ."

दिएप म्हणाली, आजी, माझ्याजवळ कॅमेरा नाही. न्हाय म्हणाली, ताई, फोनमध्ये आहे की. आजीनं केसांवरून हात फिरवला, सदऱ्याची घडी सारखी केली आणि थुकचं मनगट न सोडता ताठ बसली. नीट काढ, म्हणाली. मी गेले की यातली मी कापून घ्या आणि वर लावा. त्याला लावू नका, तो आहे. थुकनं दिएपकडे पाहिलं. आत्ता तरी बोला, असं त्याच्या डोळ्यांत होतं, की बोलू नका असं होतं, ते तिला कळलं नाही. बावीस वर्षांपूर्वी तिला माहीत नव्हतं. जिन्याखाली लाल बल्बमध्ये ते तोंड हळूहळू पाण्यातून वर आलं तेव्हा तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याचा तेवढा तरी आधार तिच्याजवळ गेल्या आठवड्यापर्यंत होता. तिनं फोन वर धरला.

"इकडे बघा आजी," ती म्हणाली.

आजी तिकडे बघेना. ती त्याच्याकडेच बघत होती. "तू काढ ग," म्हणाली, "फोटोकडे खूप बघून झालं."

दिएपनं फोटो काढला. जरा वेळानं थुकनं खाली मानेनं विचारलं, नीट आलाय का? नीट आला होता. दोघंही स्पष्ट दिसत होती.